इंजिन तापल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो. कोणतं ऑइल टाकू?

संथगती
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येते.
गाडी छोटी हॅचबॅक, पेट्रोल, टर्बो, थेट इंजेक्शनवाली. आठ वर्षं झाली, किलोमीटर एक लाखाच्या पुढे. वापर बहुतेक जवळपासचाच: ऑफिस, बाजार, मुलांची शाळा. हायवे क्वचित.
तक्रार अशी की इंजिन चांगलं तापलं आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की लाल ऑइलचा दिवा किंचित लुकलुकतो. जरा रेस दिली की विझतो. सकाळी थंड असताना कधीच लागत नाही. आवाज नाही, धूर नाही.
मेकॅनिक म्हणतो, "इंजिन जुनं झालंय, २०डब्ल्यू-५० टाका, दिवा जाईल." पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० (जाडीचा ग्रेड), एपीआय एसएन (दर्जाचा शिक्का) लिहिलंय.
बजेट: साध्या मिनरल ऑइलच्या दीडपटीपर्यंत जाईन, त्यापुढे नाही. म्हणजे महागडं फुल सिंथेटिक सुचवू नका. इंजिन खोलायचा खर्च तर आत्ता विषयच नाही.
प्रश्न तीन. ग्रेड कोणता? फ्लशिंग, म्हणजे आतला गाळ द्रव्य घालून धुणं, करावं का? आणि 'इंजिन नवं करा' म्हणून छोट्या डब्यात मिळतं ते द्रव्य टाकून काही होतं का?

हायवे_हिरो
फुल सिंथेटिक, ०डब्ल्यू-४०, डोळे झाकून. मी पहिल्या सर्व्हिसिंगपासून तेच टाकतोय, इंजिन अजून शोरूममधून आणल्यासारखं चालतं. ऑइलमध्ये काटकसर करणारे पुढे इंजिनकामात सगळं घालवतात.

जुनं_ते_सोनं
मेकॅनिकचं ऐका भाऊ. माझ्या कार्ब्युरेटरच्या गाडीत वर्षानुवर्षं २०डब्ल्यू-५० च आहे. दिवा जातो म्हणजे जातो. हे पातळ पाण्यासारखं ऑइल कंपन्यांनी मायलेजचे आकडे चांगले दिसावेत म्हणून आणलंय.

संथगती
@जुनं_ते_सोनं, भाऊ नाही, ताई. आणि माझी गाडी कार्ब्युरेटरची नाही.
@हायवे_हिरो, बजेटची ओळ पुन्हा एकदा वाचा की.

हायवे_हिरो
वाचली होती. तरीही सांगतोय. दोन वर्षांचा हिशोब मांडा, सिंथेटिकच स्वस्त पडतं.

दुधारी
सिंथेटिक म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवा. डब्यावर 'सिंथेटिक' छापलेलं बरंचसं ऑइल ग्रुप तीनचं असतं, म्हणजे खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया केलेलं. ग्रुप चार म्हणजे पीएओ, रसायनं जोडून बनवलेलं तेल, ते वेगळं प्रकरण. काही ठिकाणी तिसऱ्या ग्रुपला सिंथेटिक म्हणायला परवानगीच नाही.

हायवे_हिरो
माझं पीएओ आहे.

दुधारी
डब्यावर लिहिलंय का तसं?

बेअरिंगबाबा
कोणता डबा यावर भांडण नंतर करा. दिवा कशाने लागतो ते आधी बघू. इंजिनकामातच आयुष्य गेलं माझं, म्हणून थोडं लांबण लावतो.

खाली चेंबरमध्ये ऑइल असतं. जाळीतून पिकअप पाइपाने ते पंपाकडे जातं. पंप क्रँकशाफ्टवर फिरतो, आणि दर फेऱ्याला ठरावीक माप पुढे ढकलतो. पंप दाब तयार करत नाही, प्रवाह तयार करतो. पुढच्या फटींतून जाताना त्या प्रवाहाला अडथळा होतो, त्यातून दाब येतो. पंपानंतर फिल्टर, फिल्टरनंतर ब्लॉकमधली मुख्य नळी, म्हणजे गॅलरी. तिथून मेन बेअरिंग, मग क्रँकमध्ये पाडलेल्या भोकांतून बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग), वर हेडमध्ये कॅमशाफ्ट, टॅपेट, चेन टेन्शनर. टर्बोला वेगळी फांदी. सिलिंडरच्या भिंतींना बिगएंडमधून उडणारं आणि काही इंजिनांत पिस्टनखाली मारलेल्या फवाऱ्याचं ऑइल मिळतं. मग सगळं आपल्या वजनाने परत चेंबरमध्ये.

आता तुमची लक्षणं. आयडलला इंजिनाचे फेरे कमी, म्हणजे प्रवाह कमी. तापलेलं ऑइल पातळ, म्हणजे अडथळाही कमी. दोन्ही एकत्र आले की दाब सगळ्यांत खाली येतो. बहुतेक गाड्यांत दिव्याचा स्विच ०.३ ते ०.५ बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) खाली दाब गेला की दिवा लावतो. म्हणजे हा दिवा 'सर्व्हिसिंग आलं' सांगणारा नाही, 'आता थांब' सांगणारा आहे.

कारणं बरीच असू शकतात. लेव्हल कमी. ऑइल पातळ झालेलं. पिकअपच्या जाळीत गाळ. जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला. पंप झिजलेला. बेअरिंगची फट वाढलेली. किंवा हे काहीच नाही आणि स्विचच खराब. तो स्विच काढून त्याच भोकात साधा यांत्रिक गेज लावायचा, इंजिन पूर्ण तापवायचं, आयडलला आणि ३,००० आरपीएमला वाचन घ्यायचं. कोणत्याही चांगल्या मेकॅनिककडे गेज असतो. त्याआधी एक थेंबही विकत घेऊ नका.

जुनं_ते_सोनं
बाबा, इतकं करण्यापेक्षा जाड ऑइल टाकलं की दाब वाढणारच ना? तुम्हीच म्हणताय अडथळ्याने दाब येतो.

बेअरिंगबाबा
वाढेल. दिवाही विझेल. पण सकाळी काय होईल ते ऐका. ४० अंशाला २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जाड असतं. थंड इंजिनात जाड ऑइल ढकलताना दाब चढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं ऑइल बेअरिंगला न जाता परत चेंबरमध्ये पडतं. फिल्टरमधला बायपासही उघडू शकतो, मग न गाळलेलं ऑइल पुढे. काटा वर दिसतो आणि टर्बो कोरडा राहतो. तुमच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला टर्बो नव्हता, ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणाही नव्हती. या इंजिनातला टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो, तोही ऑइलच्या थरावर तरंगत.

सायलेन्सर
लेव्हल चेक करा आधी.

टूटीप्रेमी
या सगळ्या भानगडी चार स्ट्रोकच्या. माझ्या टू स्ट्रोकला चेंबरही नाही, फिल्टरही नाही, दिवाही नाही. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळा आणि पळवा. दर वेळी ताजं ऑइल मिळतं इंजिनला!

दुधारी
आणि दर वेळी जळून धूर होऊन बाहेर पडतं.

टूटीप्रेमी
मिश्रणाचं प्रमाण नीट ठेवलं की धूर दिसत नाही. लोक हात सैल सोडून ओततात आणि इंजिनाला नावं ठेवतात. कुणाला प्रमाणाबद्दल विचारायचं असेल तर व्यनि करा.

बर्फाळ
मी हाडं गोठवणाऱ्या थंडीच्या प्रदेशात राहतो, म्हणून 'डब्ल्यू'वर बोलायचा थोडा हक्क. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. ५डब्ल्यू असेल तर स्टार्टर किती सहज इंजिन फिरवेल ही चाचणी उणे ३० अंशाला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. मागचा आकडा १०० अंशाच्या जाडीचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडीचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. तेव्हा ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० तापल्यावर सारखेच.

हायवे_हिरो
सारखेच कसे? ५डब्ल्यू पातळ असतं, अख्ख्या जगाला माहीत आहे.

बर्फाळ
थंड असताना. वरचा प्रतिसाद परत वाचा.

गिअरवाला
कार ऑइलबद्दल सांगतो, सावध व्हा सगळे. माझ्या मित्राने उरलेलं कारचं ५डब्ल्यू-३० मोटरसायकलमध्ये टाकलं, म्हणे वाया कशाला घालवायचं. क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही! बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात, तिथे घर्षण कमी करणारी द्रव्यं चालत नाहीत. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. एमबी पण नाही, ते कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी.

संथगती
माहिती चांगली आहे, पण माझ्याकडे बाइक नाही.
@सायलेन्सर, लेव्हल पाहिली. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी. ऑइल कमी नाही, उलट 'फुल'च्या खुणेच्याही बोटभर वर आहे. मागच्या सर्व्हिसिंगनंतर एकदाही टॉपअप केलेलं नाही. म्हणजे गाडी ऑइल अजिबात पीत नाही, ही एक चांगली बातमी.

हायवे_हिरो
मग इंजिन ठणठणीत आहे. सिंथेटिक टाका आणि विसरा.

सायलेन्सर
लेव्हल जास्त पण चांगली नाही. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, पंपाला हवा मिळते.

बेअरिंगबाबा
ताई, थांबा. न भरता लेव्हल वर गेली, ही बातमी मुळीच चांगली नाही. ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात काहीतरी येऊन मिसळतंय. दोनच गोष्टी येऊ शकतात, पाणी किंवा पेट्रोल. फिलरच्या झाकणाखाली दुधट, पिवळसर साय जमलीय का? कूलंटच्या टाकीतली पातळी घटतेय का? नसेल तर पट्टीवरचा थेंब बोटावर घ्या आणि वास घ्या.

संथगती
साय नाही. कूलंट जिथल्या तिथे. वास… पेट्रोलचा. आता सांगितल्यावर अगदी स्पष्ट येतोय.

बेअरिंगबाबा
मग निम्मं कोडं सुटलं. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा फवारा सिलिंडरमध्येच उडतो. इंजिन थंड असताना त्यातला काही भाग भिंतीवर बसतो आणि रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये झिरपतो. लांब पल्ल्याला ऑइल नीट तापतं आणि ते पेट्रोल वाफ होऊन इनटेकला परत जातं. शाळा-बाजार-घर असं असेल तर कूलंटचा काटा मधोमध आला तरी ऑइल तापायला वेळ लागतो, तेवढ्यात गाडी बंद. पेट्रोल साठत जातं. चार-पाच टक्के मिसळलं की ३० ग्रेडचं ऑइल २० च्या घरात घसरतं. मग तापल्यावर आयडलला दिवा लागणारच.
मागचं ऑइल किती चाललंय?

संथगती
पुस्तिकेतली किलोमीटरची मर्यादा अजून लांब आहे. पण वर्ष कधीच उलटलं.

बेअरिंगबाबा
त्याच पुस्तिकेत 'कठीण वापर' असं एक वेगळं कोष्टक असेल. लोकांना तो डोंगर-धुळीचा मामला वाटतो. छोट्या फेऱ्या त्यातच मोडतात.

मास्तर_मेकॅनिकल
धागा रंगला म्हणून दोन शब्द. सगळे पंपाच्या दाबाबद्दल बोलताहेत, पण बेअरिंगला तोलून धरणारा दाब पंपाचा नसतोच. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं, तर आस फिरताना तेल त्यातून वर यायला लागलं. त्याने लाकडी बूच ठोकलं, ते बाहेर ढकललं गेलं. दाबमापक लावला तर काटा सरासरी भाराच्या दुपटीहून वर! फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद फटीत ओढतो आणि तिथे प्रचंड दाब तयार होतो. पावसात जोरात गेलं की टायर पाण्यावर तरंगतो ना, तसंच. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं, ते आजही बेअरिंग बनवताना वापरतात. पंपाचं काम फक्त त्या फटीला तेल पुरवत राहण्याचं.

जुनं_ते_सोनं
मग जाड ऑइलने थर जाड होणार, हे तर मान्य?

मास्तर_मेकॅनिकल
मान्य. आणि आतलं घर्षणही वाढणार, तापमानही वाढणार, प्रवाहही कमी होणार. फट ज्या जाडीसाठी आखलीय ती जाडी वापरा इतकंच.

काळाकुट्ट
माझा अनुभव: ऑइल काळं झालं की बदलायचं, बाकी शास्त्र सोडा.

दुधारी
काळं होणं हे ऑइल काम करत असल्याचं लक्षण आहे. डिटर्जंट आणि डिस्पर्संट काजळी धरून ठेवतात, ती आत बसू देत नाहीत. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच अंतरात काळं दिसतं. दर वेळी बदलणार का?

काळाकुट्ट
मी बदलतो.

तेलकट_हात
फ्लशिंगचा प्रश्न राहूनच गेला. माझ्या जुन्या गाडीचं एका वर्कशॉपने न विचारता फ्लशिंग केलं. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला, पिकअपच्या जाळीवर जाऊन बसला, आणि घरी पोचायच्या आत हाच दिवा लागला. चेंबर उतरवावा लागला. बिल अर्थात मलाच. जुन्या, गाळ धरलेल्या इंजिनात फ्लशिंग नको. त्यापेक्षा चांगलं ऑइल लवकर लवकर बदला, ते हळूहळू धुऊन काढतं.

मास्तर_मेकॅनिकल
आणि तिसरा प्रश्न, डब्यातली जादू. झीज रोखणारं झेडडीडीपी ऑइलमध्ये आधीच असतं. एपीआय एसपीच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०६ ते ०.०८ टक्क्यांत ठेवतात, कारण जास्त झालं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. वरून आणखी काही ओतून त्या हिशोबात ढवळाढवळ कशाला? अवांतर: एसएन लिहिलं असेल तिथे एसपी चालतं. एसपी २०२० मध्ये आलं, छोट्या टर्बो इंजिनांत कमी वेगाला होणारं अकाली ज्वलन आणि टायमिंग चेनची झीज या दोन्हींच्या चाचण्या त्यात आहेत. तुमच्या गाडीला ते कामाचं.

संथगती
गेज लावून घेतला. तोच मेकॅनिक, त्याच्याकडे गेज होता, फक्त मागावा लागला. इंजिन पूर्ण तापवून: आयडलला ०.४ बार, ३,००० ला २.६ बार. काढलेला स्विच बरोबर होता.

बेअरिंगबाबा
छान. ठोकताळा असा की दर १,००० आरपीएमला साधारण ०.७ बार हवा, म्हणजे ३,००० ला २.१. तिथे तुम्ही पास आहात. पंप आणि रिलीफ व्हॉल्व्हवर सध्या संशय नको, जाळीही बहुधा मोकळी. आयडलला मात्र कमी. पातळ झालेलं ऑइल किंवा बेअरिंगची वाढलेली फट, दोन्हींत असंच दिसतं. ओळखायची रीत सोपी: पुस्तिकेतलं ५डब्ल्यू-३०, एसपी, नवा फिल्टर, आणि पुन्हा गेज. दाब सुधारला तर दोष पेट्रोलचा. तसाच राहिला तर बेअरिंग. हे मिनरल-सिंथेटिक मिश्र प्रकारात मिळतं, तुमच्या बजेटात बसावं.

शांत_स्टार्टर
थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बघा. उघडा अडकला असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही आणि पेट्रोल जास्त झिरपतं. हायवेला तापमानाचा काटा खाली सरकतो का?

संथगती
हो, सरकतो! मला वाटायचं हवा लागते म्हणून.

बेअरिंगबाबा
@शांत_स्टार्टर, नेमकं बोललात. हे मी आधी विचारायला हवं होतं.

हायवे_हिरो
मी सुरुवातीलाच म्हणालो होतो पातळ ऑइल हा प्रॉब्लेम आहे, म्हणून ०डब्ल्यू-४०.

बर्फाळ
तुम्ही असं काहीही म्हणाला नव्हतात.

संथगती
सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.
पुस्तिकेत बाहेरच्या तापमानाचा एक तक्ता निघाला, त्यात ५डब्ल्यू-३० च्या खाली १०डब्ल्यू-४० लासुद्धा परवानगी आहे. ते घेतलं. सेमी सिंथेटिक, एपीआय एसपी, बजेटमध्ये. नवा फिल्टर. फ्लशिंग नाही, जादूचा डबा नाही. आता तापल्यावर आयडलला १.१ बार, ३,००० ला ३.४. दिवा बंद. थर्मोस्टॅट पुढच्या महिन्यात. यापुढे ऑइल सहा महिन्यांनी बदलणार, किलोमीटर कितीही होवोत. मेकॅनिक मात्र तोच ठेवणार आहे. त्याने सगळं माझ्यासमोर केलं आणि जुनं ऑइल बरणीत धरून दाखवलं.

जुनं_ते_सोनं
म्हणजे शेवटी जाडच घेतलंत. जिंकलो.

हायवे_हिरो
४० च घेतलंत. माझाच ग्रेड, फक्त हलका माल.

बेअरिंगबाबा
ताई, गाडी तुमची, निर्णय तुमचा. पण आता दाब वाढला तो पेट्रोल गेल्यामुळे की ४० मुळे, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. बेअरिंगची फट वाढली असेल तर ४० ने ती झाकली गेली. निदान पंधरा दिवसांनी लेव्हल बघा. परत चढायला लागली तर थर्मोस्टॅट पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आणि फिल्टर बदलताना जुन्याचं रबरी वायसर ब्लॉकला चिकटून राहिलं नव्हतं ना, हे मेकॅनिकला विचारा. दोन वायसर एकावर एक बसली की दाबाने मधलं सरकतं आणि सगळं ऑइल रस्त्यावर.

संथगती
विचारलं. जुन्या फिल्टरलाच लागून आलं होतं.
कळणार नाही हे मान्य, बाबा. पण इंजिन खोलायचं नाही हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. बेअरिंगच निघालं असतं तरी मी हेच केलं असतं.

लांबचा_प्रवासी
उशिरा आलो. माझ्या डिझेललाही न भरता लेव्हल वाढतेय, इथलं वाचून धास्ती घेतली. सिंथेटिक टाकू का?

दुधारी
डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे का गाडीला?

लांबचा_प्रवासी
आहे बहुतेक. का?

दुधारी
फिल्टरमधली काजळी जाळायला जादा डिझेल फवारतात, ते खाली उतरतं. जळण पूर्ण व्हायच्या आत गाडी बंद करत असाल तर आणखी. नवा धागा काढा, इथे अजून टूटीचं प्रमाण विचारायचं राहिलंय.

टूटीप्रेमी
विचारा ना.